रात्री कमी दिसतं? गाजर खा, पण आधी डोळे तपासा



या महिन्याचा प्रश्न आपल्याच परदेशीपुऱ्यातून आला आहे. एक वाचक भगिनी लिहितात, "बाबा ६८ वर्षांचे आहेत. तरुणपणी मिलमध्ये तिसऱ्या पाळीला जायचे, मिल बंद पडल्यावर छोटं दुकान टाकलं. अजूनही रात्री नऊला दुकान वाढवून स्कूटरनं घरी येतात. वर्षभरापासून म्हणतात की समोरून गाडी आली की डोळ्यांपुढे नुसता उजेड पसरतो आणि गल्लीतला गतिरोधक दिसतच नाही. डॉक्टरकडे चला म्हटलं की 'वय झालं, चालायचंच' असं उत्तर मिळतं. शेजारच्या काकूंनी रोज गाजराचा रस द्यायला सांगितलाय, एकांनी डोळ्यांत मध घालायला सांगितलाय. रात्रीची नजर सुधारायला घरगुती, नैसर्गिक उपाय कोणता करावा?"

ताई, तुमचा प्रश्न अनेक घरांतला आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते. गाजर चांगलंच आहे, पण तुमच्या बाबांच्या तक्रारीवर ते औषध असण्याची शक्यता कमी आहे. का, ते समजून घेऊ.

अंधारात डोळा कसा पाहतो?

आपल्या डोळ्याच्या मागच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूपेशी भरपूर उजेडात काम करतात, रंग आणि बारकावे दाखवतात. दंडपेशी मंद उजेडात काम करतात. त्यांना रंग कळत नाहीत, पण अगदी क्षीण प्रकाशही पुरतो. या दंडपेशींत ऱ्होडॉप्सिन नावाचं एक द्रव्य असतं. उजेड पडला की ते विघटित होतं आणि अंधारात पुन्हा तयार होतं. ते तयार व्हायला जीवनसत्त्व अ लागतं.

हे द्रव्य पुन्हा भरायला वेळ लागतो. पहिल्या पाच-दहा मिनिटांत थोडं दिसू लागतं, पण नजर अंधाराला पुरती सरावायला अर्धा तास किंवा त्याहूनही जास्त वेळ जातो. अनंत चतुर्दशीला आपण सगळे मिलच्या झांक्या बघायला जातो. त्या झगमगाटातून एकदम अंधाऱ्या गल्लीत वळलं की थोडा वेळ पायाखालचंही दिसत नाही. तो आजार नाही, ऱ्होडॉप्सिन भरायला लागणारा वेळ आहे. हाताशी धरलेल्या नातवाला लवकर दिसू लागतं आणि आजोबांना उशिरा, हेही वयाप्रमाणे स्वाभाविकच.

वयाबरोबर आणखी एक गोष्ट होते. डोळ्याची बाहुली अंधारात पूर्वीइतकी मोठी होत नाही आणि आतलं भिंग थोडं पिवळसर, धूसर होत जातं. त्यामुळे साठीच्या माणसाच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानानं बराच कमी प्रकाश पोहोचतो. म्हणजे "वय झालं" हे बाबांचं म्हणणं थोडं खरं आहे. पण सगळं खरं नाही.

गाजराला एवढा मान कसा मिळाला?

जीवनसत्त्व अ कमी पडलं की सगळ्यात आधी रात्रीची नजर जाते. यालाच आपण रातांधळेपणा म्हणतो. सुश्रुतसंहितेत याला नक्तांध्य म्हटलं आहे आणि त्यावर बकऱ्याच्या यकृताचा उपाय सांगितला आहे. यकृतात जीवनसत्त्व अ साठवलेलं असतं हे विज्ञानाला कळलं विसाव्या शतकात. उपयोग मात्र आपल्याकडे फार पूर्वीच लक्षात आला होता.

आपल्या देशात कुपोषणामुळे लहान मुलांचे डोळे जाण्याचं प्रमाण एकेकाळी फार मोठं होतं. आधी संध्याकाळी मूल ठेचकाळू लागतं, मग बुबुळाशेजारी पांढऱ्या भागावर फेसासारखा डाग दिसतो, आणि तरीही दुर्लक्ष झालं तर बुबुळच विरघळून कायमचं अंधत्व येतं. म्हणून १९७० साली सरकारनं मुलांना जीवनसत्त्व अ चे मोठे डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. आजही नवव्या महिन्यात गोवराच्या लशीबरोबर पहिला डोस आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी एक, असे नऊ डोस दिले जातात. घरात नातवंडं असतील तर त्यांच्या लसीकरणाच्या कार्डावर हे डोस झालेत का, ते जरूर बघा.

गाजराची ख्याती मात्र युद्धातून आली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनचे वैमानिक रात्रीच्या काळोखात जर्मन विमानं अचूक टिपू लागले. जॉन कनिंगहॅम नावाच्या वैमानिकाला तर वर्तमानपत्रांनी 'मांजरडोळ्या' असं नाव देऊन टाकलं. हे लोक भरपूर गाजरं खातात, असं तेव्हा पसरवलं गेलं. खरं कारण विमानात बसवलेलं रडार होतं, आणि ते शत्रूपासून लपवायचं होतं. त्या काळी ब्रिटनमध्ये गाजरं मुबलक होती आणि बाकीच्या खाण्याची टंचाई होती, त्यामुळे लोकांनाही ही गोष्ट पटली. ऐंशी वर्षं झाली, ती अजून आपल्या स्वयंपाकघरात फिरते आहे.

तेव्हा हिशेब असा. शरीरात जीवनसत्त्व अ कमी असेल तर ते भरून काढल्यावर रात्रीची नजर लवकर सुधारते. ते पुरेसं असेल तर त्याहून जास्त कितीही खाल्लं तरी नजर आणखी तीक्ष्ण होत नाही. भरलेल्या माठात आणखी पाणी ओतलं तर ते बाहेरच सांडणार.

मग ताटात काय असावं?

माठ भरलेला राहावा एवढं मात्र बघायचं. त्यासाठी महागड्या वस्तू नकोत. मेथी, पालक, चवळई, राजगिरा आणि शेवग्याचा पाला या हिरव्या भाज्या. लाल भोपळा, गाजर, पिकलेला आंबा आणि पपई. दूध, तूप, अंडी. पानाच्या भाज्या आणि गाजर तेला-तुपाच्या फोडणीत शिजवून खा, कारण यातलं पोषक द्रव्य स्निग्ध पदार्थाबरोबरच नीट शोषलं जातं. नुसत्या रसापेक्षा तुपावर परतलेली गाजराची कोशिंबीर बरी. मधुमेह असलेल्यांनी तर गाजराचा गाळलेला रस पेलाभर रोज पिऊ नये. त्यात साखर येते आणि चोथा जातो.

पोटाचे जुने विकार, यकृताचा आजार किंवा पोट लहान करण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना चांगलं खाऊनही जीवनसत्त्व अ कमी पडू शकतं. त्यांनी डॉक्टरांना तसं सांगावं. पण औषधाच्या दुकानातून जीवनसत्त्व अ च्या गोळ्या आणून स्वतःच्या मनानं घेऊ नका. हे जीवनसत्त्व यकृतात साठत जातं, जास्त झालं तर यकृताला इजा होते, आणि गरोदरपणात त्याचे मोठे डोस पोटातल्या बाळाला घातक ठरतात.

बाबांना नेमकं काय होत असेल?

ताईंच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: "समोरून गाडी आली की डोळ्यांपुढे नुसता उजेड पसरतो." रातांधळेपणात अंधारात दिसत नाही. इथे त्रास उजेडाचा आहे. साठीनंतर अशी तक्रार असेल तर सगळ्यात आधी मोतीबिंदूची शंका घ्यावी. भिंग धूसर झालं की समोरच्या दिव्याचा प्रकाश त्यात विखुरतो, जसा धुळीनं माखलेल्या काचेवर विखुरतो. दिवसा अशा माणसाला पेपरही वाचता येतो, म्हणून घरच्यांना कळत नाही. मोतीबिंदू गाजरानं, मधानं किंवा कुठल्याही थेंबांनी विरघळत नाही. शस्त्रक्रिया हाच उपाय, आणि ती आज थोड्या वेळात होते. देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. त्याखाली सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया मोफत होते.

दुसरी शक्यता, चष्म्याचा नंबर बदलला असेल. दिवसा चालून जाणारा थोडासा नंबर रात्री बाहुली मोठी झाल्यावर त्रास देतो. तिसरी, मधुमेह. साखर वर्षानुवर्षं वाढलेली असेल तर पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, आणि सुरुवातीला काही दुखत-खुपत नाही. चौथी, काचबिंदू. त्यात कडेची नजर हळूहळू जाते. माणूस सरळ समोरचं नीट बघतो, पण बाजूनं आलेली सायकल त्याला दिसत नाही, आणि एकदा गेलेली नजर परत येत नाही. म्हणूनच इथे वेळेला किंमत आहे. घरगुती उपाय करून बघण्यात गेलेले सहा महिने मोतीबिंदूत फारसे बिघडवणार नाहीत, पण काचबिंदूत तेच सहा महिने महागात पडू शकतात. आणि यातलं कोणतं आहे, हे घरी बसून कळत नाही.

एक गोष्ट तरुण घरांसाठी. मूल संध्याकाळी खेळायला जायला नको म्हणतं, थिएटरात पायऱ्यांवर अडखळतं, लग्नाच्या हॉलबाहेर अंधारात आईचा पदर सोडत नाही, तर ते "भित्रं" आहे असं समजू नका. पडद्याचा एक आनुवंशिक आजार असतो, रेटिनायटिस पिगमेंटोझा. त्यात रातांधळेपणा लहानपणी किंवा तरुणपणी सुरू होतो. नागपूरजवळच्या खेड्यांत झालेल्या एका पाहणीत त्याचं प्रमाण जगाच्या सरासरीपेक्षा जास्त दिसलं. जवळच्या नात्यात लग्नं होणाऱ्या घरांत असे आजार अधिक दिसतात, आणि आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नाची रीत अनेक घरांत होती. अशा मुलाला लवकर तपासलं तर त्याचं शिक्षण, कामधंदा आणि गाडी चालवायची की नाही, याचा विचार वेळेवर करता येतो.

घरी करण्यासारखं खरंच काय आहे?

बरंच काही आहे, आणि पैसे जवळजवळ लागत नाहीत.

दुकानाच्या झगझगीत दिव्याखालून उठून लगेच गाडीला किक मारू नका. दिवा मालवून, कुलूप लावून पाच-दहा मिनिटं बाहेर थांबा. तेवढ्यात मोबाइल बघू नका. त्याच्या एका झोतानं सरावलेली नजर पुन्हा मागे जाते.

चष्म्याची काच आणि हेल्मेटची पुढची काच स्वच्छ ठेवा. ओरखडे पडलेली काच समोरचा दिवा दहापट पसरवते असं वाटतं. नवी काच फार महाग नसते.

समोरून प्रखर दिवा आला की त्याच्याकडे न बघता रस्त्याच्या डाव्या कडेकडे नजर ठेवा आणि वेग कमी करा.

अंधुक वस्तू बघायची असेल तर तिच्यावर थेट नजर रोखू नका, किंचित बाजूला बघा. पडद्याच्या मध्यबिंदूत दंडपेशी नसतात, त्या भोवताली असतात. गच्चीवर जाऊन कृत्तिकेचा झुबका असा तिरक्या नजरेनं बघा, जास्त तारे दिसतील. नातवंडांना हा खेळ फार आवडतो.

उन्हाळ्यात भर दुपारी बाहेर पडताना गॉगल किंवा टोपी वापरा. दिवसभर कडक ऊन खाल्लेला डोळा संध्याकाळी अंधाराला उशिरा सरावतो.

रात्री बाथरूमच्या वाटेवर मंद, पिवळसर दिवा जमिनीजवळ लावा. म्हातारपणी अशा काळोख्या वाटेवर पडून मांडीचं हाड मोडू शकतं.

आणि काय करू नये? डोळ्यांत मध, लिंबाचा रस, गुलाबपाणी, कशाचाही थेंब घालू नका. घरातला मध निर्जंतुक नसतो; बुबुळाला जंतुसंसर्ग झाला तर कायमचा डाग राहू शकतो. रात्री गाडी चालवायला म्हणून विकले जाणारे पिवळे चष्मेही घेऊ नका. २०१९ साली अमेरिकेत त्यांची चाचणी झाली, तेव्हा रस्त्यावरचा माणूस ओळखायला त्यांचा काही फायदा दिसला नाही. रात्री डोळ्यांपुढे रंगीत काच लावली की आधीच कमी असलेला उजेड आणखी कमी होतो, एवढंच.

बाबांना कसं पटवायचं?

ताई, "तुम्हाला दिसत नाही" असं म्हणू नका. ज्यानं आयुष्यभर रात्रपाळी केली त्याला ते लागतं. त्यांना घरीच एक सोपी परीक्षा घ्यायला सांगा. संध्याकाळी दिवेलागणीला भिंतीवरचं कॅलेंडर आधी उजव्या, मग डाव्या डोळ्यानं, दुसरा डोळा तळहातानं झाकून बघायचं. दोन्ही डोळ्यांत फरक वाटला की त्यांचे तेच म्हणतील, चल बाई. कामगार विम्याचं कार्ड असेल तर नंदानगरचं रुग्णालय जवळच आहे, नाहीतर एम. वाय. आहेच. बाहुली मोठी करण्याचे थेंब घालून पडदा तपासून घ्या, डोळ्यांचा दाब मोजून घ्या, आणि त्याच दिवशी रक्तातली साखरही बघा. थेंबांनंतर काही तास धूसर दिसतं, म्हणून त्या दिवशी स्कूटर तुम्ही चालवा, बाबांना मागे बसवा.

अचानक डोळ्यांसमोर विजा चमकल्यासारखं झालं, काळे ठिपके एकदम वाढले किंवा कडेनं पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर मात्र दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

तपासणी होईपर्यंत दुकान अंधार पडायच्या आत बंद करता आलं तर उत्तम. तास-दीड तासाचं गिऱ्हाईक जाईल, जाऊ द्या. आणि हो, गाजराची कोशिंबीर चालू ठेवा, सगळ्या घरासाठीच.

डॉक्टरांनी काय सांगितलं ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या महिन्यात एका आजींचा प्रश्न घेऊ: दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू असेल तर आधी कोणता काढावा आणि दोन्हींत किती अंतर ठेवावं.