फाटकाआडचा चव्हाटा

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यात हट्टा नावाचे गाव आहे. अशा गावात कोणाच्या मुलीची सोयरीक कोठे जुळली आणि कोणाच्या डोक्यावर किती कर्ज आहे, हे सर्वांना ठाऊक असते. शहरी माणसास वाटते, की खेड्यात खासगी असे काही नसतेच. पण हा समज अर्धाच खरा आहे. ज्यास आपली गोष्ट ठाऊक असते त्याची गोष्ट आपणांसही ठाऊक असते, आणि वावगे बोलणाऱ्यास दुसऱ्या दिवशी त्याच पारावर तोंड दाखवावयाचे असते. गावाच्या जिभेला गावाचीच लाज आवर घालते.

मराठवाड्यातील अशाच गावांची मुले शिकून पुण्यामुंबईस आली. काही जण भिंतीआडच्या नव्या वसाहतींत फ्लॅट घेऊन राहिले, तर काही त्याच वसाहतींच्या फाटकावर पहारेकरी म्हणून उभे राहिले. येथे उंच भिंत आहे, कॅमेरे आहेत, आणि येणाऱ्याजाणाऱ्याची नोंद घेणारे मोबाईलवरील यंत्रही आहे. पाहुण्यास नाव, फोन आणि छायाचित्र दिल्यावाचून आत पाऊल टाकता येत नाही. मात्र आतील माहितीस बाहेर जाण्यासाठी कोणाचीही परवानगी लागत नाही! थकबाकीदारांची यादी, जिन्यातील भांडणाची चित्रफीत, कोणत्या कुटुंबाने कोठे प्रवासास प्रयाण केले ही वार्ता, घरकाम करणाऱ्या बाईच्या आधारकार्डाची प्रत, हे सर्व सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पडते आणि तेथून फेसबुकापर्यंत केव्हा पोहोचते हे टाकणाऱ्यासही कळत नाही. चोरासाठी फाटक बंद करून त्यास घराचा नकाशा घरपोच द्यावा, असा हा प्रकार आहे.

यात काय गमावते, हे 2020 साली आपण पाहिले. करोनाच्या त्या दिवसांत ठिकठिकाणी रुग्णांची आणि विलगीकरणातील लोकांची नावे पत्त्यांसह हातोहात फिरली. रोगाशी झुंजणाऱ्या माणसास शेजाऱ्यांच्या नजरेशीही झुंजावे लागले. बाधितांची नावे वा त्यांची वस्ती समाजमाध्यमांवर पसरवू नये, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयास त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये लोकांस बजावून सांगावे लागले. सुशिक्षितांना ही गोष्ट सरकारने शिकवावी लागली, याची खंत आम्हांस अद्याप वाटते.

कायदा या बाबतीत मुका नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी न्या. पुट्टस्वामी खटल्यात एकमताने निर्णय दिला, की खासगीपण हा मूलभूत अधिकार आहे. पुढे 2023 साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि माहिती बाळगणाऱ्यांवरील मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची आहेत. निव्वळ घरगुती कारणासाठी व्यक्तीने बाळगलेली माहिती या कायद्याने वगळली आहे. पण शेकडो कुटुंबांच्या नोंदी ठेवणाऱ्या सोसायटीने 'आमचे सारे घरगुतीच' असे म्हणून हात झटकू नयेत.

आमच्या मते कायद्याच्या धाकाची वाटच पाहू नये. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 साली असे ठरविले, की सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, समान हेतू सिद्ध झाल्यावाचून, गटाच्या चालकास गुन्हेगार धरता येत नाही. हे न्यायाला धरूनच झाले. पण याचा दुसरा अर्थ असा, की जबाबदारी ज्याच्या त्याच्या बोटावर येऊन ठेपते.

यावर एक आक्षेप येईल. लपविण्याजोगे काही नसेल तर भय कशाचे? हा प्रश्न विचारणाऱ्याने स्वतःच्या घराच्या खिडक्यांचे पडदे प्रथम काढून दाखवावेत. एकट्या राहणाऱ्या भाडेकरू मुलीने काय लपविले आहे? तरीही तिच्या येण्याजाण्याच्या वेळा जगजाहीर होणे हे तिच्यावरील संकट आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गुप्ततेच्या नावाखाली कार्यकारिणी आपला गैरकारभार झाकील, असे कोणी म्हणेल. ही भीती रास्त आहे, आणि म्हणूनच भेद स्पष्ट केला पाहिजे. संस्थेचा पैसा सर्व सभासदांचा आहे. ताळेबंद आणि सभेचे इतिवृत्त पाहण्याचा अधिकार सभासदास सहकारी कायद्याने दिला आहे, तो त्याने बिनदिक्कत बजवावा. कारभार उघडा असावा, माणूस नव्हे. थकबाकी वसूल करावयाची तर निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळविण्याचा मार्ग मोकळा आहे. भाडेकरूची माहिती द्यावयाची ती पोलीस ठाण्यास द्यावी. मग त्या प्रती चारशे मोबाईलांत कशासाठी हव्यात?

सर्वांत जास्त अन्याय होतो तो ज्यांना या गटात जागाच नाही त्यांच्यावर. पहारेकरी, मोलकरीण, सामान पोहोचविणारा पोरगा यांची छायाचित्रे घेतली जातात, त्यांना गुण दिले जातात, आणि एखादी अंगठी सापडेनाशी झाली की संशयिताचे चित्र दुपारपर्यंत दहा सोसायट्यांत फिरते. संध्याकाळी अंगठी कपाटात सापडते, पण ती बातमी कोणी फिरवीत नाही. त्या बाईची गेलेली कामे मग कोणी परत द्यावयाची?

प्रत्येक सोसायटीने येत्या वार्षिक सभेत एक साधा ठराव करावा. गटावर सूचना असाव्यात, माणसांची प्रकरणे नसावीत. कॅमेऱ्यातील चित्रण लेखी मागणीनुसार पोलिसांसच द्यावे. कामकऱ्यांची कागदपत्रे कुलुपात असावीत आणि काम सुटताच त्यांस परत मिळावीत. मुलांची छायाचित्रे आईबापांच्या संमतीवाचून कोणी टाकू नयेत. यास खर्च शून्य आहे, लागतो तो थोडा विवेक.

शाळेत आम्ही मुलांस सांगत असू, की दुसऱ्याची वही विचारल्यावाचून उघडू नये. ती मुले आता मोठी होऊन सोसायट्यांचे चिटणीस आणि अध्यक्ष झाली आहेत. त्यांना आमचे आजही तेवढेच सांगणे आहे. हट्ट्याच्या पारावर बसणाऱ्यास निदान समोर कोण बसले आहे हे दिसते. आपला चव्हाटा मात्र असा आहे, की ऐकणारे किती आणि कोण, हे बोलणाऱ्यास कधीच कळावयाचे नाही. तेथे बोट उचलण्यापूर्वी क्षणभर थांबणे, हाच आजचा शेजारधर्म होय.