भाडेकायद्याची मुदतवाढ
मुंबईंतील जुन्या घरांचें भाडें सन 1940 च्या पातळीवर गोठविणारा 1947 चा कायदा मुळांत तात्पुरता होता. युद्धोत्तर टंचाईंत तो न्याय्यच म्हणावा लागेल. परंतु घरमालक मूठभर, भाडेकरू असंख्य. तेव्हां मुदत वाढवीत राहणेंच प्रत्येक सरकारास सोयीचें वाटलें. महागाई वाढली, भाडें जागचें हललें नाहीं. मग गिरगांवांतील चाळीचा मोडका जिना मालकानें कोणत्या पैशांतून दुरुस्त करावा? 1997 मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ही गोठवणूक अवाजवी ठरविली. 1999 च्या कायद्यानें वर्षास शेंकडा 4 वाढ दिली खरी, पण ती त्याच क्षुल्लक आकड्यावर! भाडेकरूंवर आमचा रोष नाहीं. छत कोसळतें तें त्यांच्याच डोक्यावर. भाड्यासाठीं नवीं घरें बांधण्यास मात्र कोणी धजेना, आणि नवा संसार मांडूं पाहणाऱ्या कारकुनास आधीं पागडीची रक्कम जुळवावी लागली.