गोष्ट वाचतो कोण?

लहान मुलांस वाचावयास कसे शिकवावे, या प्रश्नावर हल्ली आपल्याकडे जितके बोलले जाते तितके पूर्वी क्वचितच बोलले गेले असेल; आणि या बोलण्याचा ओघ बहुधा एकाच दिशेने वाहतो. मुलाच्या हाती टॅबलेट द्यावा, त्यावर हलणारी, बोलणारी, बोट लावताच नाचू लागणारी गोष्ट असावी, आणि मुलाने खेळता खेळता वाचू लागावे, असे हे सुखस्वप्न आहे. अशा गोष्टींस ‘परस्परसंवादी’ हे भारदस्त विशेषण लावण्यात येते. ते ज्याने प्रथम योजिले त्याच्या धाडसाचे कौतुकच केले पाहिजे. संवादास दोन पक्ष लागतात. एकाचे बोलणे दुसऱ्यास कळावे लागते आणि कळल्यावर त्याचे पुढचे बोलणे बदलावे लागते. पडद्यावरील सशाच्या पोटास बोट लावले की तो उडी मारतो. दहा वेळा लावले की दहा वेळा तीच उडी मारतो. यास संवाद म्हणावयाचे, तर दारावरच्या घंटीशीही आमचा रोज संवाद घडतो असे म्हणावे लागेल.

पण नावाशी भांडण्यात अर्थ नाही. आमचा प्रश्न साधा आहे. या व्यवहारात गोष्ट वाचतो कोण? गेल्या वर्षी देवळाली कॅम्पातील आमच्या एका स्नेह्यांच्या घरी हा प्रश्न आमच्यापुढे मूर्तिमंत उभा राहिला. “सर, आमचे चिरंजीव आता वाचू लागले बरं का,” असे म्हणून त्यांनी पाच वर्षांच्या मुलास बोलावले. त्याने टॅबलेटवर एक सिंहाची गोष्ट उघडली. आतून एक गोड आवाज बोलू लागला, शब्दामागून शब्द पिवळा होऊ लागला, आणि मुलगाही आवाजाबरोबर म्हणू लागला. उच्चार स्पष्ट, हावभाव सुरेख. त्याची नजर मात्र आरंभापासून अखेरपर्यंत सिंहाच्या शेपटीवर होती. आम्ही आवाज बंद करविला, आणि त्याच गोष्टीतील पहिले वाक्य कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पुढे ठेवले. मुलाने कागदाकडे पाहिले, मग त्यावर हलकेच बोट टेकवून तो वाट पाहू लागला. “त्याला स्क्रीनची सवय आहे हो,” वडील म्हणाले. बिचाऱ्या मुलाचा यात काडीचाही दोष नव्हता. बोट टेकविले म्हणजे आवाज येतो, एवढाच धडा त्यास मिळाला होता आणि तो त्याने पक्का केला होता. गोष्ट वाचीत होते यंत्र. मुलगा ती पाठ करीत होता. यंत्राच्या जागी आजी असती तरी त्याने ती पाठच केली असती हे खरे. पण नातू वाचतो असा टेंभा आजीने मिरविला नसता.

हा केवळ एका जुन्या मास्तराचा चडफडाट आहे असे कोणास वाटू नये, म्हणून या विषयाचा कसोशीने अभ्यास करणारांची साक्ष काढतो. हॉलंडातील लायडन विद्यापीठाच्या आड्रियाना बुस व त्यांचे सहकारी यांनी ४३ निरनिराळ्या प्रयोगांचे, म्हणजे दोन हजारांहून अधिक मुलांवरील निरीक्षणांचे, एकत्र परिशीलन करून २०१५ साली ते प्रसिद्ध केले. निष्कर्ष दुहेरी आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. चित्राची हालचाल आणि ध्वनी ही कथेच्या ओघाशी जुळलेली असली तर मुलास गोष्ट अधिक समजते व नवे शब्दही अधिक कळतात. उलट गोष्टीच्या मध्येच खेळ, कोडी आणि बोट लावण्याच्या जागा पेरल्या असतील तर लक्ष फुटते आणि हा लाभ नाहीसा होतो. ज्या मुलांची परिस्थिती आधीच प्रतिकूल असते त्यांच्या बाबतीत तर विशेषच. म्हणजे ज्या गुणाचा विक्रेते डांगोरा पिटतात तोच नेमका या वस्तूचा दोष ठरला! स्वीडनसारख्या धनाढ्य देशाने २०२३ साली बालवाड्यांतील डिजिटल साधनांची सक्ती मागे घेण्याचे ठरविले आणि शाळांसाठी छापील पुस्तके घेण्यास मोठी रक्कम काढली. आपण मात्र तेथे जे उतरवून ठेविले जात आहे ते खांद्यावर घेण्यास निघालो आहोत.

त्यातून आपल्या लिपीची गोष्ट वेगळी. इंग्रजी मुलापुढे सव्वीस अक्षरांचा पसारा असतो. त्याची अडचण पुढे, स्पेलिंगच्या जंगलात येते. मराठी मुलाचे याच्या उलट. आपले लेखन उच्चाराशी बरेच इमान राखते. पण एक ‘क’ ओळखीचा झाला तरी का, कि, की, कु, कू असा त्याचा सारा गोतावळा ओळखावयाचा राहतो, आणि त्यापुढे जोडाक्षरांची फौज उभीच असते. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यास आधी दिसते, कानास मागाहून ऐकू येते. ‘सूर्य’ शब्दातला रफार कानास आधी ऐकू येतो आणि लिहावयाचा मात्र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. सहा वर्षांच्या जिवास ही लहानसहान कसरत नव्हे. कानडी लिपीची घडण याच जातीची आहे. सोनाली नाग यांनी ती शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला, त्यात अक्षरज्ञान पुरे होण्यास चौथीपर्यंतचा आणि त्यापुढचाही काळ लागतो असे दिसून आले. यास उपाय सावकाश, क्रमवार आणि रोजचा सराव हाच. ‘ग, म, भ, न’ या क्रमाने अक्षरे शिकविण्याची योजना ज्यांनी केली त्यांनी वर्णमालेचा क्रम मोडला तो उगीच नव्हे. आकारांचे साम्य पाहून, मुलाचा हात आणि डोळा लक्षात घेऊन मोडला. इंग्रजीसाठी बेतलेल्या खेळात ‘ॲपल’च्या जागी ‘अननस’ बसवून जे मराठी ॲप तयार होते, त्यात हा विचार कोठून येणार?

आणि प्रयोग करून पाहावयाचा म्हणाल, तर तो होऊन गेला आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. महाराष्ट्रातील ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ रोजी पुन्हा उघडले. वीस महिने मुले घरी होती आणि ज्यांना पडदा मिळाला त्यांची शाळा पडद्यावर होती. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने होणाऱ्या ‘असर’ पाहणीचे आकडे बोलके आहेत. देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांत तिसरीत असून दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०१८ साली शेकडा २०.९ होती, २०२२ साली ती १६.३ वर आली. शाळा पुन्हा भरू लागल्यावर २०२४ साली २३.४ झाली. यावर कोणी म्हणेल, गरिबाच्या घरी पडदा होताच कोठे? बरोबर आहे, तो नसल्यामुळे झालेला तोटा पडद्याच्या माथी मारता येत नाही. पण मग हेही कबूल केले पाहिजे, की जी वस्तू या मुलांपर्यंत पोचत नाही ती त्यांचा तारणहार म्हणून मिरविण्याचा अधिकार कोणास नाही. आणि आनंद मानावयाचा तो कशाचा? सर्वांत वरच्या आकड्याप्रमाणेही शंभरांतील शहात्तर मुले राहिलीच.

आता उपक्रमांकडे वळू. कृतीतून शिक्षण ही कल्पना परदेशांतून काल-परवा आली, अशा थाटात तिचे स्वागत चालते तेव्हा हसू येते. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघ १९२६ साली काढला. ताराबाई १९४५ साली बोर्डीस गेल्या आणि अनुताई वाघांस बरोबर घेऊन त्यांनी बालवाडी वस्तीवर, मुलांच्या अंगणात नेली. पुढे १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसोरीबाईंची महागडी साधने वारल्यांच्या पाड्यावर परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, खडे, बिया, पाने यांवर काम भागविण्यात आले. गुरे राखणाऱ्या मुलांस शाळेत येता येईना, तेव्हा शाळाच कुरणात गेली. वाचनाची पूर्वतयारी तर आपल्या घरोघर होत असे. भेंड्या हा खेळ काय आहे? शब्दाचा शेवट कानाने नेमका तोडावयाचा आणि त्याच अक्षराने आरंभ होणारे दुसरे काही शोधावयाचे. भाषाशास्त्रज्ञ ज्यास ध्वनींची जाण म्हणतात ती याहून निराळी नाही, आणि तिला विजेचे बिल येत नाही.

परंतु चांगल्या वस्तूचे विडंबन करण्यातही आपला हात कोणी धरणार नाही. पुष्कळ शाळांत आज उपक्रम होतो तो छायाचित्रासाठी. मुले वर्तुळात बसविली, मध्ये रंगीत अक्षरे पसरली, मोबाइलवर टिपले, वरिष्ठांच्या गटावर पाठविले, अक्षरे गोळा केली, संपला उपक्रम. मास्तरांस हसण्याचे कारण नाही. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक असतात, आणि इयत्ता चार किंवा पाच. त्यांच्याकडून पुरावा मागितला जातो, आणि पुरावा तेवढा मिळतो. एका वर्गापाशी शिक्षक बसले असता दुसऱ्या वर्गास पडद्यावरची एखादी चांगली गोष्ट ऐकविली तर आमची मुळीच हरकत नाही. ‘प्रथम बुक्स’ने २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी फुकट मिळतात आणि बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही उपलब्ध आहेत. सोय म्हणून पडदा वापरावा. शिक्षकाच्या खुर्चीवर त्यास बसवू नये. परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांस २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हा पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडची केवढी वाहवा झाली! पुरस्कार शिक्षकास मिळाला होता, कोडास नव्हे.

दुसऱ्या टोकास ‘आमच्या वेळी’ म्हणणारे आहेत. त्यांस धूळपाटी, छडी आणि बाराखडीची घोकंपट्टी यांचा उमाळा येतो. या पद्धतीने आम्ही शिकलोच ना, असे ते विचारतात. शिकले ते आज विचारावयास आहेत. जे दुसरीतच गळाले ते हे मासिक वाचीत नाहीत, म्हणून उत्तर देत नाहीत. पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातील यादगीर येथे गेल्या दशकात संशोधकांनी पहिली ते तिसरीच्या मुलांचा माग काढला. वर्गातला काळ बहुतेक अक्षरे गिरविण्यात आणि फळ्यावरचे उतरविण्यात जाई. गोष्ट, अर्थ, स्वतःचे लिहिणे यांस जागाच नसे, आणि इतके करून पुष्कळ मुलांस अक्षरेही धड येत नसत. त्याच वाडा तालुक्यातील सोनाळे येथील ‘क्वेस्ट’ संस्थेने ‘गोष्टरंग’ नावाचा उद्योग चालविला आहे. तरुण नट आश्रमशाळांत जाऊन मुलांच्या पुस्तकांतील गोष्टी नाटकासारख्या करून दाखवितात आणि मग तीच पुस्तके मुलांच्या हाती येतात. आमच्या मते हा खरा संवाद होय. नट मुलांच्या डोळ्यांत पाहतो, हशा आला की थांबतो, आणि खेळ संपल्यावर गोष्ट अशा जागी सोडून जातो की तेथे ती मुलाने स्वतः वाचल्यावाचून पुन्हा भेटत नाही.

राहिला आपला, म्हणजे हे पान वाचणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांचा प्रश्न. आणि खरे बोलावयाचे तर रोग येथेच आहे. आमच्या देवळालीने इंग्रजी भाषेस एक शब्द दिला आहे. मायदेशी नेणारे जहाज मिळेपर्यंत गोऱ्या शिपायांस येथील छावणीत महिनोन् महिने ताटकळावे लागे, आणि कित्येकांचे डोके फिरे. त्यावरून ‘डुलॅली’ म्हणजे वेडा. छावणी गोऱ्यांची राहिली नाही. आता येथे भारतीय तोफखान्याचे विद्यालय आहे, नाना प्रांतांच्या जवानांची मुले आहेत, सिंधी-गुजराती घरे आहेत, आणि भगूरकडची मराठी मुले तर आहेतच. पण जहाजाची वाट पाहणे संपलेले नाही. मराठी आईबाप मुलास तिसऱ्या वर्षी इंग्रजी शाळेत घालतात, घरी इंग्रजी गोष्टींचा टॅबलेट देतात, आणि इंग्रजीचे जहाज केव्हा धक्क्यास लागते म्हणून बसून राहतात. दरम्यान मुलास घरच्या भाषेत कोणी एक पान वाचून दाखवीत नाही. इंग्रजी शिकविण्यातच आमची नोकरी गेली, तेव्हा आम्ही त्या भाषेचे वैरी खचित नव्हे. पण कॉलेजात येणाऱ्या मुलांत इंग्रजी परिच्छेदाचा अर्थ ज्यांस लागत नाही, त्यांस बहुधा मराठी परिच्छेदाचाही लागत नाही, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहो.

२०२५ च्या एप्रिलात पहिलीपासून हिंदी शिकविण्याचा सरकारी निर्णय आला, आणि जूनअखेर तो मागे घ्यावा लागला. त्या अडीच महिन्यांत महाराष्ट्र पेटून उठला. तो निर्णय आम्हासही मान्य नव्हता. पण तिसरी भाषा नको म्हणून ज्यांनी घसे कोरडे केले त्यांतील किती जणांच्या घरी पहिली भाषा वाचून दाखविण्याचा परिपाठ आहे?

टॅबलेट घ्यावयाचाच असेल तर घ्यावा. मात्र त्या किमतीत मराठी चित्रपुस्तके किती येतात याचा हिशेब दुकानात शिरण्यापूर्वी करावा, आणि रात्री निजण्यापूर्वी वीस मिनिटे मुलाशेजारी बसावयास घरातील कोण मोकळे आहे, याचाही. शाळेच्या पालकसभेत आपण विचारतो ते संगणक किती, फळा डिजिटल आहे काय, स्नेहसंमेलन कोणत्या तारखेस. येत्या सभेत आमच्या नातीच्या शिक्षिकेस आम्ही निराळाच प्रश्न विचारणार आहो: बाई, या आठवड्यात वर्गातील प्रत्येक मुलाने तुमच्याजवळ बसून, चित्रावर हात ठेवून, स्वतः किती ओळी वाचल्या? ज्या वाचकांची मुले-नातवंडे यंदा पहिलीत आहेत त्यांनी आपापल्या शाळेत हाच प्रश्न विचारावा. आणि मुले चाळीस, शिक्षिका एक, वेळ मिळत नाही, असे उत्तर आले तर ते शिक्षिकेस न ऐकविता तेथूनच व्यवस्थापकांच्या खोलीत जावे.