आई विसरते म्हणून लेकही विसरेल?

मैत्रिणींनो, कल्पना करा. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर देठं खुडण्यात जिची हयात गेली, ती आजी एक दिवस हातातल्या मिरचीकडे बघून विचारते, ‘हे काय गं?’ घरातले आधी हसतात. मग ती जेवून उठल्यावर पुन्हा जेवायला मागते, आपल्याच गल्लीत वाट चुकते. शेजारीण हळूच म्हणते, ‘हिच्या आईचंही असंच झालं होतं. रक्तातच आहे त्यांच्या!’ हे ऐकून लेकीच्या पोटात गोळा येतो. पुढची पाळी माझी?

रक्तात असतं, पण थोडं. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी ‘एपीओई’ या जनुकाचा अल्झायमरशी असलेला संबंध दाखवून दिला. मेंदूत चरबीची ने-आण करणारं प्रथिन या जनुकामुळे तयार होतं. त्याची मुख्य रूपं तीन. त्यातलं ‘ई-४’ असेल तर मेंदूत अमायलॉइड नावाचा साका जास्त साचतो आणि आजाराचा धोका वाढतो. हे रूप वडिलांकडूनही येतं बरं का, उगाच आईच्याच माहेराला बोल नको.

आपल्या जिल्ह्याला जनुकाची गोष्ट सिकलसेलमुळे माहीत आहे. तिथे सदोष जनुक आई-वडील दोघांकडून आलं की आजार ठरलेला. ‘ई-४’चं तसं नाही. ते दोघांकडून आलं तरी काहींची स्मृती शेवटपर्यंत शाबूत राहते, आणि ते नसलेल्यांनाही अल्झायमर होतो. फार थोड्या घराण्यांत वेगळ्या जनुकांमुळे हा आजार साठीच्या आतच येतो, पण तो अपवाद.

मग आपल्या हातात काय आहे? पुष्कळ आहे. ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये चौदा कारणं सांगितली. ती सगळी दूर झाली तर जगातला सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल. त्यात रक्तदाब आहे, मधुमेह आहे, कमी ऐकू येणं, नजर अधू होणं, एकटेपणा आहे. आणि लहानपणी शाळा न मिळणंही आहे! २०११ च्या जनगणनेत राज्यात सर्वांत कमी साक्षरता आपल्या नंदुरबारची होती, आणि त्यातही बायका मागे. भारतात साठीपुढचे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही प्रमाण बायकांत जास्त. मुलीची शाळा सुटते तेव्हा तिच्या म्हातारपणाचंही नुकसान होतं, हे कुणी आपल्याला सांगितलंच नव्हतं.

आणखी एक बोलायलाच हवं. सातपुड्याच्या पाड्यांवर म्हाताऱ्या बाईला डाकीण ठरवून छळल्याचे प्रकार घडले आहेत. करणी करते म्हणून एखादीला असं छळणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. रात्री भटकणारी, एकटीच पुटपुटणारी आजी आजारी असू शकते. तिला भगताकडे नाही, डॉक्टरकडे न्या.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. आईचे कान, डोळे, रक्तदाब, साखर तपासून घ्या. लेकीची शाळा सुटू देऊ नका. आणि आजीने मिरची ओळखली नाही तर हसू नका, नाव सांगा. तिने पुन्हा विचारलं, तर पुन्हा सांगा. तिनेही आपल्याला असंच शिकवलं होतं ना?