दोस्ती नको, फाटक हवं

कुत्रा आणि ससा यांच्या 'दोस्ती'चा व्हिडिओ समोर आला की मी आवाज बंद करते आणि कुत्र्याकडे न बघता फक्त सशाकडे बघते. तुम्हीही करून बघा. कुत्रा शेपूट हलवत हुंगतोय, खाली बदामांचा पाऊस पडतोय. आणि ससा? बहुतेक वेळा तो जमिनीला चिकटून बसलेला असतो. कान पाठीला घट्ट टेकलेले, डोळे बाहेर आल्यासारखे मोठे, अंग दगडासारखं ताठ. खाली कुणीतरी लिहितं, 'किती शांत बसलाय बघ!' तो शांत नाहीये. पळायला जागा नाही म्हणून गोठलाय.

माझं म्हणणं सरळ आहे. घरात ससा असताना कुत्रा येणार असेल, तर त्या दोघांची मैत्री घडवून आणणं हे आपलं कामच नाही. सशाला रोज घाबरून जगावं लागणार नाही अशी व्यवस्था करणं, एवढंच आपलं काम. मैत्री झाली तर झाली. पण ती व्हावी म्हणून सशाचा जीव पणाला लावायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

हे मी लांबून बोलत नाही. पुण्यात आमच्या दोन खोल्यांच्या घरात माझा सहा वर्षांचा ससा आहे, चिकू. चार महिन्यांपूर्वी दादाची बदली झाली. तो आमच्याकडे राहायला आला आणि त्याच्यासोबत त्याची बीगल, शेरी. दादा हवा तर शेरीही हवी, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण पहिल्याच संध्याकाळी आईपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांचा सल्ला एकच होता: "सोड गं दोघांना एकत्र. दोन दिवसांत होते सवय." मी सोडलं नाही. तेव्हापासून आमच्या मधल्या दारात जाळीचं फाटक आहे, आणि तेव्हापासून मी घरातली 'अती करणारी' आहे.

तर या 'सवयी'बद्दल बोलू. सवय नक्की कुणाला होते?

घरात पाळला जातो तो ससा आपल्या माळरानावरचा नव्हे. माळावरचा ससा बीळ करत नाही. तो गवतात दबून बसतो आणि जिवावर बेतलं की उधळतो. १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, त्याला घरात ठेवताही येत नाही. पाळीव ससा मुळात स्पेन-पोर्तुगालकडच्या युरोपीय सशाचा वंशज. हा बिळात राहणारा प्राणी. धोका दिसला की मागचे पाय आपटून इतरांना इशारा द्यायचा आणि बीळ गाठायचं, हा त्याचा जगण्याचा नियम. आपल्या फ्लॅटमध्ये बीळ कुठून येणार? वर त्याच्या पंजांना कुत्र्यासारख्या गाद्या नसतात, नुसते केस असतात. गुळगुळीत फरशीवर त्याला धड पळताही येत नाही.

मग तो थिजतो. आणि आपण म्हणतो, सवय झाली.

त्याच्या शरीराचा हिशेबही बघा. सशाचा सांगाडा त्याच्या वजनाच्या जेमतेम ७-८ टक्के असतो, मांजराचा १२-१३ टक्के. हाडं हलकी आणि मागच्या पायांचे स्नायू मात्र जबरदस्त. घाबरून अंगाला एक जोराचा हिसडा दिला तर त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो, कुत्र्याने दात न लावताही. दुसरं म्हणजे पोट. सशाला सतत खात राहावं लागतं. भीतीने त्याने खाणं सोडलं की आतड्यांचं काम मंदावतं, कधी थांबतं. दहा-बारा तास खाल्लं नाही आणि लेंड्या पडल्या नाहीत, तर ती डॉक्टरकडे धावण्याची वेळ असते. ससा ओरडत नाही, आजार लपवतो. त्यामुळे 'काही झालं नाही ना, नुसतं हुंगलं तर!' म्हणणाऱ्या घरात दुसऱ्या दिवशी ससा कोपऱ्यात मरून पडलेला असू शकतो, आणि त्याच्या अंगावर एक ओरखडाही नसतो.

आता शेरीची बाजू. माझा राग कुत्र्यांवर नाही. शेरी लाघवी आहे, माझ्या पायावर डोकं ठेवून झोपते. पण बीगल ही इंग्लंडमध्ये टोळीने सशांचा माग काढण्यासाठी घडवलेली जात आहे. आपल्याकडचा मुधोळही सशामागे धावण्यासाठीच नावाजलेला. रेमंड कॉपिंगर या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने कुत्र्यांच्या शिकारीची एक साखळी मांडली आहे: नजर रोखणं, दबकत सरकणं, पाठलाग, पकड, चावा. माणसाने वेगवेगळ्या जातींमध्ये या साखळीतल्या काही कड्या वाढवल्या, काही दाबून टाकल्या. मेंढ्या राखणाऱ्या बॉर्डर कोलीत नजर आणि पाठलाग ठेवला, रिट्रिव्हरमध्ये तोंडात हलकेच धरून आणणं ठेवलं. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या आपणच तिच्यात पेरलेली गोष्ट तिने दाखवली की 'वाईट कुत्रा' म्हणून ओरडायचं, हा दुटप्पीपणा झाला. आणि शिकार सोडा, खेळ पुरेसा आहे. शेरी ११ किलोची, चिकू २ किलोचा. प्रेमाने टाकलेला एक पंजाही त्याला जड जाईल.

म्हणून दोघांना एकदम एकत्र सोडणं हा कुत्र्यावरही अन्याय आहे. ज्या परीक्षेत तिने नापास व्हावं अशीच मांडणी आपण करायची, आणि नंतर तिला सोडून द्यायला घर शोधायचं.

तरीही एवढी घाई का होते? माझ्या मते याचं खरं कारण प्राणिशास्त्रात नाही, प्रतिष्ठेत आहे. आपल्या घरांत कुत्रा हा घरातला माणूस असतो. त्याला नाव-आडनाव असतं, लसीचं कार्ड असतं, वाढदिवसाला केक असतो. ससा मात्र बाजारातून पिंजऱ्यासकट उचलून आणलेलं 'मुलांसाठी काहीतरी' असतो. त्याला गवत लागतं हेही अनेकांना ठाऊक नसतं, कोबी-गाजरावर भागतं असं वाटतं. प्राणी स्वस्त, म्हणून त्याची भीतीही स्वस्त. भाषाही आपलीच री ओढते. भित्र्या माणसाला आपण 'सशाचं काळीज' म्हणतो, आभाळ पडलं म्हणून पळत सुटलेल्या सशाला लहानपणापासून हसतो. पण ज्या प्राण्याला नखं-दातांनी लढून जिंकता येत नाही, त्याच्यासाठी वेळेवर घाबरणं हीच अक्कल आहे. ती अक्कल मोडून काढण्याला आपण 'माणसाळवणं' म्हणतो.

मला उलट सांगणारे भेटतात. 'आमच्याकडे दोघं एका गादीवर झोपतात.' झोपत असतील. अशी घरं आहेत, हे मी नाकारत नाही. काही कुत्र्यांना सशात रसच नसतो, काही सशांची हिंमत दांडगी असते. पण ज्या घरात जमलं त्या घराचा व्हिडिओ निघतो. ज्या घरात पहिल्याच मिनिटाला फडशा पडला, ते घर कॅमेरा बंद करतं. फक्त जमलेल्यांचे पुरावे बघून आपण जमेलच असा निष्कर्ष काढतो.

मग करायचं काय? कंटाळवाणं काम. पहिले काही दिवस दोघांनी एकमेकांना बघायचंच नाही. फक्त अंथरुणाचा एखादा कपडा इकडून तिकडे द्यायचा, वासाची ओळख होऊ द्यायची. मग जाळीआडून भेट, कुत्रा फिरून दमून आल्यावर, पट्टा हातात धरून, पाच मिनिटं. सशाला कुशीत उचलून कुत्र्यासमोर धरायचं नाही. तो त्याच्या जागेत, जमिनीवर, आणि शिरायला दोन तोंडांचं खोकं जवळ. कुत्र्याने सशाकडे बघून नजर फिरवली की त्याला खाऊ. नजर रोखून अंग ताठ केलं की भेट संपली. हे आठवडे चालतं, कधी महिने, कधी कायम. आणि कितीही जमलं तरी घरात माणूस नसताना दोघं एका खोलीत नाहीत, कधीच नाहीत. आणखी एक गोष्ट, जी दुकानात कुणी सांगत नाही: कुत्र्याच्या गोचिडांवर वापरतात ती फिप्रोनिलची औषधं सशाला विषारी असतात. स्प्रे मारलेला कुत्रा सशाजवळ नको, आणि सशाला तो स्प्रे तर कधीच नको.

हे वाचून कुणाला वाटेल, एवढं कोण करणार? ज्याला करायचं नाही त्याने कुत्रा आणू नये. ससा नीट सांभाळला तर ८ ते १२ वर्षं जगतो. तो आधी घरात आला, त्याने आपल्याला निवडलं नाही, आपण त्याला आणलं. कुत्रा काही वर्षांनीही आणता येईल. आणि आमच्यासारखा कुत्रा येणारच असेल, तर जाळीला खर्च येतो आणि येता-जाता फाटक लावण्याचा त्रास होतो. एवढा त्रास माणसाच्या वाट्याला आला तर काही बिघडत नाही.

"झाली का गं दोस्ती?" असं आमच्याकडे येणारा प्रत्येक जण विचारतो. चुकीचा प्रश्न आहे. विचारायचंच असेल तर हे विचारा: ससा आज पोटभर गवत खातोय का? आणि दुपारी मागचे पाय ताणून, कुशीवर आडवा पसरून झोपतोय का? धोका वाटणारा ससा असा झोपत नाही. तो तसा झोपत असेल, तर फाटकापलीकडे कुत्रा घोरत पडला असला तरी तुमचं घर जमलंय.