दावा लावण्याआधीची वकिली

वकिलाने पक्षकाराचा प्रश्न सोडवायला शिकले पाहिजे, असे बार रूममध्ये कोणी म्हटले की ज्येष्ठांचे उत्तर ठरलेले असते. प्रश्न सोडवायला तंटामुक्ती समिती आहे, समुपदेशक आहेत, भाऊबंद आहेत. आपण काळा कोट चढवला तो लढायला. समेटच हवा असता तर पक्षकार आपल्या मामाकडे गेला असता, आपल्याकडे कशाला आला असता? शिवाय कायदा माहीत असला आणि उलटतपास घेता आला की वकिलाला आणखी काय लागते? बाकीचे चोचले मुंबईच्या बड्या लॉ फर्मचे.

यात तथ्य नाही असे नाही. ज्याला उलटतपास येत नाही त्याच्या समजूतदारपणाला समोरचा वकील भीक घालत नाही. पण लढता येणे ही वकिलीची किमान अट झाली. लढायचे कशासाठी आणि कोणत्या दारात, हे ठरवणे त्याहून अवघड काम आहे, आणि नेमके तेच आपल्याकडे पक्षकारावर सोडून दिले जाते.

तालुक्याच्या कोर्टातला अगदी नेहमीचा दावा घ्या. शेजाऱ्याने बांध कोरला म्हणून शेतकरी येतो. पिशवीत सातबारा आणि आठ-अ. वकील नोटीस काढतो, निरंतर मनाईचा दावा लावतो, सोबत तूर्तातूर्त मनाईचा अर्ज. प्रतिवादी कैफियतीत म्हणतो, अतिक्रमण माझे नाही, वादीचेच आहे. आता न्यायाधीशापुढे दोन सातबारे आणि दोन शपथपत्रे. सातबारा क्षेत्र सांगतो, हद्द सांगत नाही. हद्द मोजणीवाचून कळणार नाही, आणि दाव्याआधी मोजणी तर मागवलेलीच नाही. मग यथावकाश कोर्ट कमिशनर नेमण्याचा अर्ज येतो, भूमी अभिलेख कार्यालयाचा भूकरमापक येतो, त्याच्या नकाशावर हरकत येते, लगतच्या खातेदाराला नोटीस नव्हती हा मुद्दा निघतो. अपिलातून प्रकरण पुन्हा खाली. तोवर दोन्ही घरांतली बोलाचाली बंद झालेली असते आणि बांध होता तिथेच असतो, किंवा आणखी थोडा सरकलेला.

यात वकिलाने कायद्याची एकही चूक केलेली नाही. दाव्याचा मसुदा नीट, कोर्ट फी नीट, हजेरी नीट. फक्त पहिल्या भेटीत त्याने विचारले नाही, की बाबा, तुम्हाला नक्की काय पाहिजे? विचारले असते तर पुष्कळदा निघाले असते की हातभर जमिनीपेक्षा दुखणे रस्त्याचे आहे. बांध कोरल्याने ट्रॅक्टर जात नाही, ऊस फडातच उभा राहतो. रस्ता हवा असेल तर दिवाणी दाव्याहून जवळची वाट तहसील कचेरीत आहे. वहिवाटीचा रस्ता अडवला असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियम, 1906 चे कलम 5. तिथे अडथळ्यापासून सहा महिन्यांच्या आत जावे लागते. रस्ता नव्हताच आणि बांधावरून नवा मागायचा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चे कलम 143. दोन्हींचा अर्ज त्याच कचेरीत, पण एकाच्या जागी दुसरा केला की गेले वर्ष. आणि नोटिसांच्या उत्तर-प्रत्युत्तरात सहा महिने उलटून गेले तर पहिले दार बंदच.

दुसरा प्रकार याहून गमतीचा. आज्याच्या काळात तोंडी अदलाबदल झालेली असते: कागदावर याची जमीन त्याच्या ताब्यात, त्याची याच्या. नातवंडे सातबारा घेऊन एकमेकांवर ताब्याचे दावे लावतात आणि दोघेही कागदोपत्री खरे असतात. अशांसाठी राज्य सरकारने जानेवारी 2023 मध्ये सलोखा योजना आणली. किमान 12 वर्षे एकमेकांच्या ताब्यात असलेल्या शेतजमिनींची अदलाबदल करायची, तर मुद्रांक शुल्क 1,000 रुपये आणि नोंदणी फी 1,000 रुपये. पंचनामा करून दस्त केला की वादाचे मूळच संपते. आता ही योजना ठाऊक असणे हे कायद्याचे ज्ञान, की प्रश्न सोडवण्याचे कौशल्य? मला तरी दोहोंमध्ये भिंत दिसत नाही. ती भिंत उभी करण्यात ज्यांची सोय आहे त्यांनाच ती दिसते.

‘समेट करणे म्हणजे कच खाणे’ हा आक्षेप तर इतिहासालाही धरून नाही. 1893 साली दादा अब्दुल्लांच्या खटल्यासाठी दक्षिण आफ्रिकेत गेलेल्या तरुण बॅरिस्टर गांधींना त्या खटल्यातला जमाखर्च कळत नव्हता. त्यांनी हिशेबनिशीचे पुस्तक विकत आणून वाचले. दावा 40,000 पौंडांचा होता. वह्या समजल्यावर आपल्या पक्षकाराची बाजू भक्कम असल्याचे त्यांना दिसले. खटला लांबला तर एकमेकांच्या नात्यातले हे दोन्ही व्यापारी बुडतील, हेही दिसले. त्यांनी लवाद मान्य करवून घेतला आणि लवादापुढे दादा अब्दुल्ला जिंकले. निवाडा सुमारे 37,000 पौंड आणि वर खर्च. हरलेल्या तय्यब शेटांना ही रक्कम एकदम देणे अशक्य होते, त्यांचे दिवाळे निघाले असते. तेव्हा गांधींनी लांब मुदतीचे हप्ते घ्यायला जिंकलेल्या पक्षकारालाच राजी केले, आणि लवादाला तयार करण्यापेक्षा हेच जड गेले असे आत्मकथेत नमूद केले. यात कच कुठे खाल्ली? आधी आकडे, मग बळ, मग सवलत, असा तो क्रम आहे. हिशेब न वाचता सवलतीपासून सुरुवात करणाऱ्या वकिलाला मात्र भित्रा म्हणायला माझी हरकत नाही.

तरीही एक आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो. तडजोडीच्या गोड शब्दाआड दुबळ्याचा हक्क कापला जातो, आणि वकील त्यात सामील होतो. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः सहहिस्सेदार केले. 2005 मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात 2020 साली स्पष्ट केले. तरी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बहिणींची हक्कसोडपत्रे होतच आहेत. माहेर तुटेल, भावाशी कशाला वाकडे, साडीचोळी तर मिळतेच आहे, असे तिला ऐकवले जाते. असे सांगणाऱ्या वकिलाने प्रश्न सोडवलेला नाही, भावाच्या वतीने मिटवलेला आहे.

पण या आक्षेपाने माझे म्हणणे ढासळत नाही, उलट पक्के होते. प्रश्न सोडवणारा वकील तडजोडीचा एजंट नव्हे. भाऊ प्लॉट पाडून विकायच्या बेतात असेल तर या बहिणीचा वाटपाचा दावा आठवड्याच्या आत लागला पाहिजे, विक्रीला मनाई मागितली पाहिजे, दावा प्रलंबित असल्याची नोटीस निबंधकाकडे नोंदवली पाहिजे. नंतर भाऊ बोलणी करायला आला तर जरूर बसावे, तेव्हा ती बरोबरीने बसलेली असेल. कधी दावा आधी आणि चर्चा मागून, कधी उलटे. हा अंदाज बांधता येणे हेच ते कसब.

शेवट कुठे होणार, हे पाहून सुरुवात ठरवायला आपले वकील फारसे शिकतच नाहीत. हिंदुस्थानात पक्षकाराचे हाल हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, अशा अर्थाचे ताशेरे प्रिव्ही कौन्सिलने 1872 मध्ये मारले होते. दरखास्तीच्या कामाला ज्याने हात लावला आहे त्याला ते आजही जुने वाटणार नाहीत. वाटपाच्या दाव्यात हुकूमनामा झाला, की शेतजमिनीचे प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि नवा प्रवास सुरू होतो. तडजोड हुकूमनाम्याचीही तीच गत, कारण तडजोडपत्र जेवणाच्या सुट्टीत घाईने लिहिलेले असते. ‘उभयतांनी जमीन आपापसांत सोयीने वाटून घ्यावी’ असे लिहिणारा वकील पुढचा दावाच लिहीत असतो. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या कोणाच्या कोणत्या वारी, वीजजोडणी कोणाच्या नावे राहणार, सोसायटीच्या कर्जाचा बोजा कोण फेडणार, चतुःसीमा काय, नकाशा जोडला का, आणि एकाने शब्द फिरवला तर काय, हे सगळे त्या कागदात हवे. कंटाळवाणे आहे खरे. अशा मसुद्याला कोर्टात कोणी दाद देत नाही.

कॉलेजातही देत नाही. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांनी पर्यायी वादनिवारण हा विषय सक्तीचा केला, पण करंडक मिळतो तो मूट कोर्टात. मूटच्या कागदावर वस्तुस्थिती छापून दिलेली असते. तिथला तलाठी कधी रजेवर नसतो आणि पक्षकार अर्धे सत्य लपवत नाही. दिलेल्या वस्तुस्थितीवर वाद घालण्यात पटाईत झालेली मुले ती खणून काढायची वेळ आली की गांगरतात. यावर हल्लीचा तोडगा म्हणजे तंत्रज्ञान. ई-फायलिंग आले, निवाडे मोबाइलवर आले, आता चॅटबॉट मसुदे करून देतो. देऊ दे. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे दाखल केले आणि 5,000 डॉलरचा दंड भरला. हद्दीची मोजणी झाली आहे का, हे तर चॅटबॉटला कोणी सांगितल्याशिवाय कळतही नाही.

वकील भांडण वाढवतो, हा संशय कायदेमंडळालाही आलेला होता. कुटुंब न्यायालय कायदा, 1984 च्या कलम 13 ने पक्षकाराचा वकील लावण्याचा हक्क काढून घेतला; 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने समोरच्याच्या संमतीशिवाय आणि न्यायाधिकरणाच्या परवानगीशिवाय वकिलाला आत येऊ दिले नाही. हा अपमान असल्याची ओरड बार करतो. अपमान आहेच. तो ओढवला कशामुळे, याची चर्चा बारमध्ये होत नाही.

राहिला फीचा मुद्दा. तो शेवटी निघतो, पण खरा तोच असतो. मिटवले तर खायचे काय? निकालावर टक्केवारी घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांची बंदी आहे, ती योग्यच. पण कागद तपासून लेखी अभिप्राय दिल्याची, बोलणी केल्याची, तडजोडपत्र लिहिल्याची फी घ्यायला कोणताही नियम आड येत नाही. आड येतो तो पक्षकार. तारखेला कोट घालून उभे राहिल्याचे पैसे तो बिनतक्रार मोजतो, आणि वीस मिनिटांत त्याचा दावाच टाळणाऱ्याला म्हणतो, ‘साहेब, तुम्ही नुसते बोललात, त्याचे कसले पैसे?’ ही सवय वकिलांनीच लावली. पहिला सल्ला फुकट देऊन पुढच्या तारखांवर वसूल करायची रीत त्यांचीच, तेव्हा मोडायचीही त्यांनीच. पहिल्या भेटीची ठरावीक फी घ्यावी, पावती द्यावी, आणि आठ दिवसांत दोन पानांचे टिपण हातात ठेवावे: काय हवे आहे, कोणत्या कचेरीत मिळेल, मुदत कधी संपते, खर्च किती, आणि हरलो तर काय. त्यानंतरही पक्षकार म्हणाला की दावाच लावा, तर वकीलपत्रावर सही घ्यावी आणि जोमाने लढावे.