बाळाचं वजन होतं, आईचं बीपी कोण बघणार?



गरोदर बाईच्या रक्तदाबाची काळजी आपण बाळंतपणापर्यंतच करतो. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात बीपी घेतात, लघवी तपासतात, जोखीम दिसली तर कार्डावर लाल स्टिकर लावतात. हे चांगलंच आहे. पण बाळ झालं की आईच्या बीपीची विचारपूस थांबते.

वार पडली की धोका टळला, हा समज चुकीचा आहे. बाळंतिणीचं बीपी साधारण तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सर्वांत जास्त चढतं. आणि नॉर्मल प्रसूती असेल तर ४८ तासांनी तिला घरी सोडलेलं असतं. ऐन धोक्याच्या दिवसांत ती माहेरच्या खाटेवर असते. डोकं ठणकतंय म्हटलं की ‘वारं लागलं, कान बांध’. डोळ्यांपुढे अंधारी आली तर ‘जागरणानं होतं’. छातीखाली कळ आली तर ओवा. मग झटके येतात आणि गाडीसाठी धावाधाव सुरू होते. प्रसूती विभागात नोकरी करताना अशा परत आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. वेळेवर एकदा पट्टा बांधला असता तर त्यातल्या कितीतरी जणींवर ही वेळ आली नसती.

दवाखान्यातल्या प्रसूतीनंतर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जातेच. बाळाला झोळीत घालून वजन घेते, ताप बघते. शेजारी डोकं बांधून बसलेल्या आईचं बीपी घ्यायला पाच-दहा मिनिटं पुरतात. प्रत्येक आशाताईला डिजिटल यंत्र द्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवसाची नोंद सक्तीची करा, आणि या कामाचा वेगळा मोबदलाही द्या.

‘आकडा कळून खेड्यात काय उपयोग?’ असं विचारणाऱ्यांनी नागपूरकडे बघावं. तिथल्या दोन सरकारी रुग्णालयांत बीपी फार चढलेल्या ८९४ गरोदर बायकांवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. निफेडिपिन, लॅबेटॅलॉल, मिथाइलडोपा या साध्या गोळ्यांनी बहुतेकींचं बीपी सहा तासांत आटोक्यात आलं. निफेडिपिन आणि लॅबेटॅलॉल अंगावर पाजणाऱ्या आईलाही देतात. म्हणजे औषध आहे. चढलेलं बीपी वेळेत सापडलं पाहिजे.

एक अडचण खरी आहे. नोंद सासरच्या गावी आणि बाळंतीण माहेरी, त्यामुळे ती दोन्ही आशाताईंच्या यादीतून निसटते. डिस्चार्जच्या कागदावर सही होण्याआधी वॉर्डातूनच माहेरच्या आशाताईला फोन गेला पाहिजे.

– एक निवृत्त परिचारिका, जि. सातारा